राखेच्या पाण्यातले बुडबुडे

एटापल्लीच्या पलीकडच्या आश्रमशाळेत माझी बदली झाली तेव्हा मी चाळिशीच्या आत होते, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं, आणि त्या जंगलात विज्ञान नावाची वस्तू आपणच पहिल्यांदा नेतोय अशी माझी पक्की समजूत होती. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी पदर तोंडाला लावून हसेन. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली बी.एस्सी., वर बी.एड., आणि हातात एक पत्र्याची पेटी. एसटीतून उतरताना ती पेटी मी कुणाला धरू दिली नाही. आत परीक्षानळ्या आहेत, असं कंडक्टरला दोनदा सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. शाळेपर्यंत खांब आले होते, तारा आल्या होत्या, वीज मात्र जावयासारखी यायची. आली की सगळ्यांची धावपळ, आणि धावपळ संपायच्या आत परत गेलेली. वसतिगृहात एक टीव्ही होता, तो गाडीच्या बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की तिला एसटीत बसवून एटापल्लीला चार्जिंगला पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आणायचं. मी आले त्याच्या दुसऱ्या महिन्यात ती बॅटरी टीव्हीपेक्षा माझ्याकडेच जास्त राहू लागली. पोरं त्यांच्या माडिया बोलीत माझ्याबद्दल काहीतरी बोलायची आणि गप्प व्हायची. मला वाटायचं, आदर आहे.

माझ्या डोक्यात हायड्रोजन शिरला होता. एका विज्ञान मासिकात वाचलं होतं की पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं, त्यातून निघालेला हायड्रोजन जळतो, आणि जळून पुन्हा पाणीच होतं. ना धूर, ना राख. उद्याचं इंधन ते हेच, असं त्यात लिहिलं होतं. उद्याचं म्हणजे नेमकं कधीचं, ते लिहिलं नव्हतं. मी आपली पुढची दिवाळी धरली.

आणि ज्यांच्यासाठी धरली, त्या आमच्या स्वयंपाकीण मावशी. वैनगंगेच्या काठच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातल्या. नवरा गेल्यावर ही नोकरी लागली म्हणून नदी सोडून इतक्या आत येऊन राहिल्या होत्या. दीडशे पोरांचा भात दोन वेळा त्या चुलीवर शिजवायच्या. स्वयंपाकखोलीला एकच खिडकी, तीही अस्वल येतं म्हणून पत्रा ठोकून बंद केलेली. पावसाळ्यात लाकूड ओलं असायचं, आणि आत असा धूर की मावशी दिसायच्या नाहीत, फक्त खोकला ऐकू यायचा. खोकला कुठून येतोय त्यावरून त्या चुलीपाशी आहेत की परातीपाशी, ते आम्ही ओळखायचो.

मी आले त्याच सुमारास त्या गडचिरोलीच्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. डॉक्टरने डोळे पाहिले, छाती ऐकली आणि सांगितलं की धूर सोडा, नाहीतर दोन्ही जाईल. मावशींनी मला हे सांगितलं ते तांदूळ निवडता निवडता.

"धूर सोडला तं चूल सुटते, मास्तरीणबाई. चूल सुटली तं नोकरी सुटते. डॉक्टरले काय जाते सांगाले."

मी म्हटलं, पुढच्या दिवाळीपर्यंत तुमची चूल पाण्यावर चालेल. असं काही हातवारे करून सांगितलं, जणू माझ्या पेटीत ती चूल घडी करून ठेवलेली होती.

मावशींनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "पाण्यावर आमचा डोंगा चालते. चूल चालताना नाई पाह्यली." मग थोडं थांबून विचारलं, "किती पायल्या शिजतीन त्याच्यावर?"

मावशी जगातली प्रत्येक गोष्ट पायलीत मोजायच्या. पोरं किती आली, तर आज पाच पायल्यांची आली. लग्न केवढं होतं, तर तीस पायल्यांचं. नवा साहेब कसा आहे, तर अर्ध्या पायलीचा. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी त्यांना हसून म्हटलं, मावशी, ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. त्यांनी सूप पाखडायला घेतलं. बहुधा त्यांच्या मनात मी पावशेराची झाले असेन.

पहिला प्रयोग मी कोठीशेजारच्या सामानखोलीत केला. काचेचं भांडं, स्टीलचे दोन चमचे, टीव्हीची बॅटरी. नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मूठभर मीठ टाकलं. बुडबुडे आले आणि त्यांच्याबरोबर असा काही वास सुटला की नाकातून कुणी तार ओढतंय असं वाटलं. तो क्लोरीन होता. मिठाच्या पाण्यातून तो निघतो हे मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि गुणही मिळवले होते. डोळे पुसत बाहेर पळाले तर पडवीत मावशी भिंतीला धरून खोकत होत्या. माझा वास फटीतून त्यांच्यापर्यंत गेला होता. ज्यांना धुरातून सोडवायला निघाले त्यांच्या छातीत मी आणखी एक वेगळा धूर घातला होता, आणि तोही विलायती.

मावशींना खोकला थांबल्यावर म्हणायला एवढंच सुचलं की आमच्या लाकडाचा तरी वास बरा असते.

त्यानंतर मिठाचं नाव मी काढलं नाही. पुढच्या रविवारी ठरवलं की साधं पाणी घेऊ, बुडबुडे कमी आले तरी चालतील. स्वयंपाकखोलीच्या मागे एक प्लॅस्टिकची बादली भरलेली दिसली, ती उचलून आणली. पाणी किंचित पिवळसर होतं. चमचे बुडवले, तारा लावल्या, आणि दोन्ही चमच्यांवरून बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. उपड्या धरलेल्या नळ्या भरू लागल्या. एकीत दुसरीच्या दुप्पट वायू, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. वास काहीच नाही. भरलेल्या नळीच्या तोंडाशी काडी नेली तर पट्कन आवाज झाला आणि नळीला आतून दंव आलं. आगीतून पाणी. मी एकटीच होते, म्हणून टाळ्याही मलाच वाजवाव्या लागल्या.

आता कुणीही शहाणी बाई विचार करेल की साध्या पाण्यातून एवढे बुडबुडे कसे. मीही केला, पण शहाणपण टाळून केला. आमच्या भागातले डोंगर लोखंडाचे. विहिरींच्या पाण्यावर तांबूस साय धरते, भांडी पिवळी पडतात. मी ठरवलं की या डोंगरांचं लोखंड पाण्यात उतरलंय, म्हणून इथलं पाणी हायड्रोजनसाठी जगावेगळं आहे. बोटं बुळबुळीत झाली होती आणि दुसऱ्या दिवशी टोकांची सालं निघाली, त्याचाही अर्थ मी पाण्यातली खनिजं असाच लावला. त्याच दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं: आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे स्वच्छ इंधनाचा साठा आहे, शासनाने लक्ष घालावं. खाली पदवीसकट सही. पत्र एसटीने गेलं.

एसटी धूळ उडवत वळणाआड गेली आणि मावशी कमरेवर हात ठेवून पडवीत आल्या.

"मास्तरीणबाई, माही बादली तुमी नेली काय? चादरी भिजवाच्या होत्या. राखेचं पाणी गाळून ठेवलं होतं मी दोन दिवसांचं."

पोरांच्या चादरी त्या साबणाने धूत नसत. चुलीतली राख पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, आणि त्या निवळीत चादरी घालायच्या, मळ सुटतो. राखेत क्षार असतात, त्यांच्यातून वीज झकास जाते, क्लोरीनही निघत नाही. कारखान्यात असंच क्षाराचं पाणी वापरतात, हेही मी कधीतरी वाचलेलं होतं. म्हणजे जगावेगळं पाणी विहिरीचं नव्हतंच, मावशींच्या बादलीतलं होतं. मी त्यांना बादली परत दिली आणि पत्राचं कुणालाही बोलले नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मला वाटलं होतं, माझं पत्र एखाद्या फायलीत सुखाने झोपलं असेल. पण आश्रमशाळांच्या स्वयंपाकखोल्या धुरातून काढायची योजना तेव्हा आखली जात होती, आणि सुरुवातीला मोजक्या शाळा निवडायच्या होत्या. पाहणीसाठी तीन साहेब येणार, आपला प्रयोग तयार ठेवावा. हेडमास्तर सरांनी ते पत्र प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. मावशी स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "म्हणजे होऊन राह्यलं म्हणा की तुमचं."

तो माझा सगळ्यात वाईट आठवडा. खरं सांगावं तर साहेब आल्या पावली परत जातील आणि मावशींची स्वयंपाकखोली यादीतून जाईल. न सांगावं तर निदान नाव तरी लागेल. मी न सांगायचं ठरवलं. वर मनाला समजावलं की हे मी मावशींसाठीच करतेय. त्यात माझ्या दोन पानी पत्राखालच्या सहीची लाजही वाचणार होती, हे त्या मनाने मला सांगितलं नाही.

पण "किती पायल्या" हे डोक्यातून जाईना. शेवटी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात फळ्यावर हिशोब मांडला. बॅटरी भरलेली असताना तिच्यातून किती वीज मिळते, त्यातून किती वायू, त्या वायूची उष्णता किती. तीनदा मांडला, तीनदा उत्तर तेच. अख्खी बॅटरी रिकामी केली की दोन कप चहा. भाताचा एक दाणा नाही. मी फळा पुसला, आणि मग मावशींबरोबर बसून त्यांच्या चुलीचाही हिशोब लिहून काढला: एका पायलीला किती लाकडं, सुकी असली तर किती, ओली असली तर किती. मावशींना तोंडपाठ होतं. मी फक्त वहीत उतरवलं, त्यांच्याच मापात.

साहेब जीपमधून आले. त्यांतले दोघे ऑफिसचे आणि तिसरे वयस्क इंजिनियर. कॉलरच्या आत रुमाल, आणि बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. मी प्रयोग दाखवला. पट्कन आवाज झाला, पोरं खिदळली, ऑफिसचे दोघे खूश झाले. त्यांतल्या एकाने माझं पत्र काढलं आणि कौतुकाने मोठ्यांदा वाचलं: येथील विहिरीच्या पाण्यात विशेष गुण असून...

मावशी तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या.

"विहिरीचं नाई साहेब," त्या म्हणाल्या. "ते माह्या बादलीतलं हाये. राखेचं. चादरी धुवाचं."

त्यांनी ते माझी लाज काढायला म्हटलं नव्हतं. बादलीचं श्रेय विहिरीला जात होतं, ते त्यांना पटलं नाही, इतकंच. आपण आपलीच स्वयंपाकखोली यादीतून पुसतोय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. हेडमास्तर सर साहेबांच्या मागून मला डोळ्यांनी खुणावत होते की म्हणा, दोन्हीही असेल, म्हणा तपासतो. मी तोंड उघडलं ते तसंच म्हणायला. समोर मावशी ट्रे धरून उभ्या, डोळे लाल, आणि माझ्याकडे अशा पाहतायत की बादली त्यांचीच होती हे मी आता सांगीन.

"बादलीतलंच आहे," मी म्हटलं. "पत्र चूक आहे. चूक माझी."

इंजिनियर साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

"बॅटरी कुठं चार्ज केली, बाई?"

"एटापल्लीला."

"तिथं वीज कुठून येते?"

"चंद्रपूरकडून, साहेब."

"चंद्रपूरला कशावर होते?"

"कोळशावर."

"मग तुमचा धूर गेला कुठं?"

"चंद्रपूरला पाठवला," मी म्हटलं. पाठीमागे हेडमास्तर सरांनी मान खाली घातली.

"आणि ह्या वायूवर शिजतं किती?"

हा प्रश्न मला आधी एकदा विचारून झाला होता. मी सांगितलं, अख्ख्या बॅटरीत दोन कप चहा. ऑफिसचे दोघे हातातल्या कपांकडे पाहू लागले. मग मी ती वही पुढे केली. म्हटलं, हायड्रोजन खोटा नाही, त्याचा दिवस येईल, पण ह्या बाईंचे डोळे त्या दिवसापर्यंत थांबणार नाहीत. त्यांच्या चुलीला काय लागतं ते ह्यात आहे, जे तेवढं शिजवेल ते द्या. इंजिनियर साहेब वही उभ्याउभ्याच वाचू लागले. मध्येच मावशींना विचारलं, ओल्या सागाला इतकं जास्त लागतं का? मावशी म्हणाल्या, तुमी एक डाव फुंकून पाहा. साहेब आत गेले आणि खरंच फुंकणी हातात घेतली. बाहेर आले तेव्हा रुमाल कॉलरीतून डोळ्यांवर आला होता.

कथा असती तर त्याच आठवड्यात गॅसची शेगडी आली असती. पहिल्या यादीत आमचं नाव नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. मी मावशींना सांगायला गेले की माझ्यामुळे राहिलं. त्या म्हणाल्या, "खोटं बोलून आणलं असतं तं शिजलं असतं काय त्याच्यावर?" आणि परात घासायला लागल्या. पण त्यांचा खोकला तसाच होता, आणि मला नुसतं बसवेना. इंजिनियर साहेब वही घेऊन गेले होते, पण जाताना तिचं शेवटचं पान फाडून त्यावर एक आकृती काढून देऊन गेले होते: चुलीवर धुराडं कसं बसवायचं, तोंड केवढं, उंची केवढी. धुराड्याच्या पत्र्यासाठी डांबराचे दोन रिकामे ड्रम रस्त्याच्या कामावर मिळाले. सरकारी इमारतीच्या छपराला भोक पाडायला हेडमास्तर सरांची लेखी परवानगी हवी होती. ते लेखी देईनात, म्हणून ते तालुक्याला मीटिंगला गेले तेव्हा आम्ही भोक पाडून घेतलं. खिडकीचा पत्राही काढला आणि तिथे सळया बसवल्या. अस्वल काही आलं नाही. सर आले, छपराकडे पाहिलं, आणि मग जेवायला बसल्यावर म्हणाले, आज भाताला धुराचा वास नाही. परवानगीचा विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्यात मावशी कुठे आहेत ते मला खोकल्यावरून कळेनासं झालं.

शेगड्या आल्या त्यानंतर दीड वर्षाने. साहेबांनी माझी वही ठेवून घेतली होती, आणि योजनेच्या फॉर्मात एक रकाना वाढला होता: एका वेळी किती धान्य शिजते. छापलेलं होतं किलोमध्ये. आमच्या फॉर्मात मावशींनी मला पायल्याच लिहायला लावल्या, आणि तरीही तो फॉर्म दुरुस्तीला परत आला नाही.

दोन हजार सालानंतर मी स्वतः हेडमास्तरीण झाले, आणि त्याच इंजिनियर साहेबांच्या शिफारशीने जिल्ह्याच्या एका समितीत बसले. तिथे वरून एक कागद आला होता. स्वच्छ ऊर्जेच्या धोरणात हायड्रोजनचा विचार चालू आहे, मतं कळवा. टेबलाभोवती सगळे उत्साहात होते. एकजण म्हणाला, पाण्यावर चुली चालतील. मला तो इतका ओळखीचा वाटला की मी त्याला पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग माझं मत लिहिलं, आणि अजूनही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. आधी लिहा वीज कशाची; कोळशाची असेल तर तो हायड्रोजन आम्हाला नको, सूर्याची असेल तर बोलू. मग लिहा किती पायल्या. आणि चुलीला तो देऊच नका, तिला दुसरं पुष्कळ आहे, भट्टीसाठी ठेवा. जिथे आमच्या डोंगराचं लोखंड वितळवायचं आणि दगडी कोळशावाचून भागत नाही, तिथे त्याचं खरं काम. "पायल्या" वाचून काहीजण हसले. इतिवृत्तात मात्र शब्द तसाच राहिला. हल्ली वर्तमानपत्रात लोखंडाच्या भट्ट्या आणि हायड्रोजन एकत्र वाचते तेव्हा मी आधीच सांगितलं होतं असं घरात म्हणते. या वयात तेवढी सूट मिळते.

मावशी निवृत्त झाल्या त्या वर्षी शाळेला सौर कंदील मिळाले होते. एक कंदील पोरांनी पाडून फोडला, त्याचं छोटं पॅनल मी जपून ठेवलं. मावशींच्या निरोपाला वाटलं, त्यांच्या बादलीतून सुरू झालेला प्रयोग त्यांना एकदा कोळशावाचून दाखवू. काचेचं भांडं काढलं, चमचे घासले, आणि मग आठवलं की राख नाही. शेगडी आल्यापासून शाळेत राखच उरली नव्हती. मी आपली राखेऐवजी धुण्याचा सोडा शोधायला कोठीत शिरले.

मावशी मागून आल्या. त्यांच्या हातात बिस्किटाचा जुना डबा होता, वर फडकं बांधलेलं. शेवटच्या चुलीची राख. शेगडी आली त्या दिवशी सगळी फेकायला निघाल्या होत्या, तेव्हा एवढी बाजूला काढून ठेवली होती.

"तुमच्या पाण्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमी काही सोडाल नाई ते, मले मालूम होतं."

राख भिजवली, गाळली, पॅनल पडवीत उन्हाला धरलं. बुडबुडे हळू आले, पण आले. नळी भरायला तासभर लागला. तोवर मावशी बाजूला बसून पोरांच्या खोड्या सांगत राहिल्या, एकदाही न खोकता. काडी मी त्यांच्याच हातात दिली. पट्कन आवाज झाला. त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली आणि आत जमलेलं दंव नीट पाहिलं, कारण ते दिसण्याइतके त्यांचे डोळे शाबूत होते.

"आता किती पायल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून चहासुद्धा होत नाही, मावशी. पण ह्यात चंद्रपूरचा धूर नाही.

"बरं मग," म्हणाल्या, आणि आमच्या दोघींचा चहा ठेवायला शेगडीकडे गेल्या.